गिअर ऑइलची पितळी पिचकारी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिचकारी आहे. पिचकारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाल-हिरवे पाणी आले असेल, तर ते आधी पुसून टाका. मी आयुष्यात रंग उडवला तो एकदाच, आणि तोही चुकीच्या दिवशी, चुकीच्या माणसावर. त्यानंतरची माझी सगळी नोकरी मोटारीच्या पोटाखाली गेली. मोटारीच्या गिअरपेटीत तेल भरणारी पिचकारी अशी माझी ओळख आहे आणि ती मला मनापासून आवडते.

माझा जन्म मुरादाबादचा. तिथल्या एका कारागिराने पितळेचा पत्रा वळवून माझी नळी केली, आत दांडा बसवला आणि दांड्याच्या टोकाला चामड्याची एक गोल चकती लावली. ही चकती म्हणजे माझा जीव. ती मऊ असली तर मी ओढते आणि सोडते. ती वाळली की मी नुसती शोभेची नळी. माझ्या तोंडावर त्याने बारीक भोकांची चाळणी बसवली आणि चिंचेने घासून मला लखलखीत केले. मी दिसायला चांगली होते, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

दिल्लीच्या सदर बाजारातून मला विश्वनाथरावांनी उचलले. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि नुकतीच त्यांची पुण्याहून दिल्लीला बदली झाली होती. रामकृष्णपुरममध्ये त्यांना तळमजल्यावरचे सरकारी क्वार्टर मिळाले होते. घरात पत्नी कुमुदताई आणि सहा वर्षांची मुलगी सुनीती. विश्वनाथरावांचा स्वभाव मी दुकानातच ओळखला. दुकानदाराने मला बादलीत एकदा चालवून दाखवले. यांनी सात वेळा चालवून पाहिले, वरून खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिले, आणि मगच मला पिशवीत घातले.

आता ती चूक सांगून टाकते. त्यांच्या गावाकडे रंग खेळतात तो रंगपंचमीला, होळीनंतर पाचव्या दिवशी. दिल्लीत मात्र होळीच्या दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत सगळा रंग खेळून होतो. त्या दिवशी शेजाऱ्यांनी दारावर थापा मारल्या, तेव्हा कुमुदताईंनी दार किलकिले करून "हमारा बाद में है" असे सांगितले आणि सगळ्यांच्या हातावर पुरणपोळी ठेवली. मग पंचमीच्या सकाळी सुनीती मला गुलाबी रंगाने काठोकाठ भरून जिन्याखाली दबा धरून बसली. अख्ख्या कॉलनीत रंगाचा थेंब नाही, याचे तिला काहीच वाटले नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे ग्रोव्हरसाहेब जिना उतरू लागले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात फाईल. सुनीतीने नेम धरला. माझा नेम तर कधीच चुकत नाही.

"ये क्या है?" ग्रोव्हरसाहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत, हेच जास्त वाईट होते.

कुमुदताई धावत बाहेर आल्या. "माफ करना हां भाईसाहब. आज हमारी रंगपंचमी है."

"हमारी तो हो गई जी, कब की," ग्रोव्हरसाहेबांनी छातीवरचा डाग पाहिला. "आज मेरा प्रमोशन का इंटरव्यू है."

ते वर गेले, दुसरा शर्ट घालून उतरले आणि कुणाकडेही न पाहता निघून गेले. कुमुदताईंनी तो शर्ट मागून घेतला, तीन वेळा धुतला, उन्हात घातला, पण खिशाजवळचा गुलाबी डाग काही गेला नाही. ग्रोव्हरसाहेबांना बढती मिळाली असे पुढे कळले. तरीही दोन्ही घरांत "नमस्ते जी"च्या पलीकडे बोलणे उरले नाही. मला मात्र शिक्षा झाली. कुणी मला धुतले नाही, पुसले नाही. तशीच ओली माळ्यावर टाकून दिली. रंगाचे पाणी आतल्या आत सुकले आणि माझी चामड्याची चकती पापडासारखी कडक होऊन बसली. चार वर्षे मी वर धूळ खात होते. सगळा दोष माझाच होता की काय, असेही मला त्या काळात वाटू लागले होते.

मग घरात गाडी आली. जुनी, दुसऱ्याने वापरलेली, दुधी रंगाची फियाट. आशियाई खेळ होऊन दिल्लीचे रस्ते नवे कोरे झाले होते त्या सुमाराची गोष्ट. विश्वनाथरावांनी गाडीबरोबर आलेले पुस्तक कव्हर घालून वाचून काढले आणि जाहीर केले की गाडीची सगळी कामे आपण घरीच करायची. कुमुदताई म्हणाल्या, "बरं. पण माझी पातेली मागायची नाहीत."

तुम्ही गाडीत बसत असाल, पण गाडीच्या पोटात काय चालते हे कदाचित पाहिले नसेल. इंजिनाच्या मागे एक लोखंडी पेटी असते. तिच्यात दात्यांची चाके एकमेकांत अडकून फिरतात. गिअर बदलतो म्हणजे ही चाके आपापला जोडीदार बदलतात. ती एकमेकांना खाऊन टाकू नयेत म्हणून पेटीत दाट तेल घालतात. मेकॅनिक लोक त्याला 'नव्वद नंबर' म्हणतात. दोनेक वर्षांत ते काळे पडते, त्यात धातूचा बारीक चुरा उतरतो, मग ते बदलायचे. पेटीच्या बुडाला आट्यांचे एक बूच असते, त्यातून जुने तेल काढायचे. पेटीच्या कुशीत जरा वर दुसरे बूच असते, त्यातून नवे भरायचे. तेल वरच्या भोकाच्या काठापर्यंत येऊन बाहेर ओघळू लागले की पेटी भरली. पण गाडीखाली उताणे पडून, हातभर जागेत, आडव्या भोकात डबा कसा ओतणार? तिथे कुणीतरी खालून ओढून घेऊन आत ढकलणारे हवे.

विश्वनाथराव गाडीखालून बाहेर आले आणि पाच मिनिटे स्वस्थ उभे राहिले. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढले.

त्यांनी माझ्या तोंडावरची चाळणी काढली, तिथे वीतभर रबराची नळी चढवली आणि माझ्या चकतीवर गरम तेल सोडले. मित्रांनो, त्या तेलाने माझ्या जिवात जीव आला. पाण्याने जे वाळवले होते ते तेलाने मऊ केले. त्या रविवारी मी डब्यातले मधाच्या रंगाचे तेल पोटात भरून घेतले आणि गिअरपेटीत सोडले, पुन्हा भरले, पुन्हा सोडले. काम झाल्यावर विश्वनाथरावांनी मला आतून-बाहेरून पुसले, चकतीला स्वच्छ तेलाचा हात लावला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. कुमुदताई सुनीतीला म्हणाल्या, "बघ, तुझ्या पिचकारीला सरकारी नोकरी लागली." मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी बिघडली होती आणि ती दोन वर्षे कुणाला कळली नाही. वरचे बूच बसवताना विश्वनाथरावांना वाटले, रस्त्याच्या धक्क्यांनी हे सैल व्हायला नको. म्हणून त्यांनी पान्याच्या दांड्यावर पाण्याच्या नळाचा लांब तुकडा चढवला आणि अंगातला सगळा जोर लावून ते आवळले. काळजी म्हणूनच आवळले. पण फार आवळले.

दोन वर्षांनी थंडीत विश्वनाथरावांचे वडील दिल्लीला आले. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. गावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे पार गेलेले. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. ते दिल्ली पाहायला आलेच नव्हते. त्यांना पानिपतला, रणभूमीवरच्या काला अंब स्मारकाला जायचे होते.

यामागे त्यांच्या घरातली एक जुनी गोष्ट होती. अण्णासाहेबांचे पूर्वज बळवंतराव मराठ्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेत गेले. निघताना दारात, आपल्यात म्हणतात तसे, "येतो" म्हणाले. पानिपतावरून ते आले नाहीत. त्यांच्या बायकोने मरेपर्यंत रोज दिवेलागणीला दारात उभे राहायचा नेम सोडला नाही, असे घरात सांगत. तेव्हापासून त्या घरातल्या कुणीही पानिपतची वाट धरली नव्हती. अण्णासाहेब म्हणत, "तिथं जायचं, बळवंतरावांना कृष्णेचं पाणी द्यायचं, आणि दिवेलागणीच्या आत घरी परत यायचं. आमच्या घरातलं एक येणं राहिलंय. ते मला पुरं करायचंय." त्यासाठी त्यांनी गावाहून तांब्याच्या गडूत कृष्णेचे पाणी आणले होते. गडूचे तोंड पिठाने बंद केलेले होते. संक्रांतीला जायचे ठरले आणि सोळा तारखेचे त्यांचे झेलम एक्सप्रेसचे परतीचे तिकीट होते. पुन्हा दिल्लीला येणे त्यांच्याने होणार नाही, हे सगळ्यांना माहीत होते.

गाडीचा दुसरा गिअर थंडीत करकरत होता. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता. वाटेत काही झाले तर? म्हणून विश्वनाथरावांनी रजा टाकली आणि तेरा तारखेला दुपारी तेल बदलायला घेतले. आधी जवळच्या मुनिरक्यापर्यंत फेरी मारून गाडी गरम केली, म्हणजे तेल पातळ होऊन चटकन उतरते. पुढची चाके दोन जाड फळ्यांच्या उतरणीवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही, हा त्यांचा नियम पक्का होता. मला कपाटातून काढून गोणपाटावर ठेवले. अण्णासाहेब माकडटोपी घालून उन्हात खुर्चीवर बसले होते. सुनीती पान्यांचा डबा घेऊन शेजारी.

इथे विश्वनाथरावांच्या ऑफिसची सवय आडवी आली. हातातले जुने प्रकरण निकाली काढल्याशिवाय नव्याला हात घालायचा नाही, अशी त्यांची वीस वर्षांची शिस्त. त्यांनी खालचे बूच उघडले. काळे तेल घमेल्यात उतरले. थेंब थांबेपर्यंत वाट पाहिली, बुचावरचा चुरा पुसला, ते परत बसवले. सगळे अगदी नेटके. आणि मग वरच्या बुचाला पाना लावला.

बूच हलले नाही.

त्यांनी नळाचा तुकडा चढवला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला आणि बुचाच्या कडा गोल झाल्या. आता पाना धरणार तरी कशाला? गिअरपेटी कोरडी ठणठणीत, आणि नवे तेल डब्यात. तेलाशिवाय गाडी मुनिरक्याच्या मेकॅनिकपर्यंतसुद्धा न्यायची सोय नव्हती. विश्वनाथराव तसेच काळ्या हातांनी सायकलवर बसून त्याला आणायला गेले आणि वीस मिनिटांत रिकामे परत आले. तेरा जानेवारी म्हणजे दिल्लीत लोहडी, पंजाब्यांचा शेकोटीचा सण. मेकॅनिक दुकान बंद करून केव्हाच घरी गेला होता.

"माझीच चूक आहे, अण्णा," विश्वनाथराव म्हणाले. "आधी वरचं उघडून बघायला हवं होतं. आणि आवळलंही मीच होतं."

अण्णासाहेब म्हणाले, "राहू दे विश्वनाथ. सव्वादोनशे वर्षं राहिलं. अजून राहील." त्यांनी मांडीवरचा गडू शालीत गुंडाळायला घेतला.

मित्रांनो, मी गोणपाटावर पडून हे पाहत होते. माझी चकती मऊ होती, तेल जवळ होते, आणि मला शिरायला दार नव्हते. एवढी लाचारी मला माळ्यावरसुद्धा वाटली नव्हती.

सुनीती उठली आणि जिना चढून वर गेली. दर रविवारी ग्रोव्हरसाहेब जिन्याच्या चौकात आपली स्कूटर सगळी सुटी करून पुन्हा जोडतात, हे तिने पाहिले होते, आणि लोहडीमुळे आज ते घरीच होते. त्या घराची कडी तिने सहा वर्षांत वाजवली नव्हती. जिन्यातले बोलणे खाली स्पष्ट ऐकू येत होते.

"अंकल, हमारी गाडी का तेल निकल गया. अब नया जाता नहीं. दादाजी को कल पानिपत जाना है."

"निकल गया, या निकाला?"

"बाबांनी... बाबा ने निकाला."

"अच्छा. चलो."

ग्रोव्हरसाहेब खाली आले. त्यांच्या अंगात कामाचा जुना शर्ट होता. मी तो लगेच ओळखला. धुऊन धुऊन विटला होता, पण खिशाजवळचा गुलाबी डाग शाबूत होता. कुमुदताईंनीही तो पाहिला आणि पदर तोंडाशी नेला.

ते सरळ गाडीखाली गेले. दोन मिनिटे नुसते बॅटरी मारून पाहत राहिले. "साहब," खालूनच म्हणाले, "ऊपरवाला पहले खोलते हैं. पहले भरने का रास्ता देखो, फिर निकालो."

"बिल्कुल गलती हो गई," विश्वनाथराव म्हणाले.

"हो जाती है. मैंने भी की है. ये प्लग तो आज नहीं खुलेगा, जबरदस्ती की तो पेटी का कान टूट जाएगा. एक काम करते हैं. मीटर की तार निकालते हैं."

गाडीचा वेग दाखवणाऱ्या काट्याची तार गिअरपेटीच्या मागच्या अंगाला एका बारीक भोकातून आत शिरते. ती सोडवली की भोक मोकळे. "वहाँ से डालेंगे. लेकिन उतनी पतली चीज चाहिए, जो धक्का देकर अंदर पहुँचाए. पंप है कोई?"

सुनीतीने मला पुढे केले.

ग्रोव्हरसाहेब गाडीखालून अर्धे बाहेर आले. त्यांनी मला हातात घेतले, उलटसुलट केले, सुनीतीकडे पाहिले, मग स्वतःच्या खिशाकडे. "इसको तो मैं पहचानता हूँ," ते म्हणाले. आधी सुनीती हसली, मग कुमुदताई, आणि मग ते स्वतः इतके हसले की त्यांचे डोके गाडीच्या दारावर आपटले. सहा वर्षे अडकलेली ती गोष्ट त्या एका वाक्याने सैल झाली.

पण अजून एक अडचण होती. वरचे भोक बंद, मग पेटी भरली हे कळणार कसे? कमी पडले तर चाके घासणार, फार झाले तर तेल सील फोडून बाहेर येणार. उपाय अण्णासाहेबांनी काढला. ते शिक्षकी आवाजात म्हणाले, "अरे, जेवढं काढलं तेवढं घाला. मापायला पिचकारी आहे ना?"

मग मी आधी घमेल्यातले काळे तेल एक-एक पिचकारी ओढून रिकाम्या डब्यात सोडले आणि सुनीतीने मोठ्याने मोजले. अकरा भरल्या. दोन वर्षांत थोडे झिरपले असेल म्हणून ग्रोव्हरसाहेबांनी आणखी एक धरायला सांगितली. बारा. कुमुदताईंनी मला रॉकेलने खळाळून कोरडे पुसले. थंडीने नवे तेल काकवीसारखे घट्ट झाले होते, म्हणून त्यांनी स्वतःहून एका पातेल्यात कडकडीत पाणी आणले आणि तेलाचा डबा त्यात ठेवला. पातेले त्यांनीच आणले, हे मी मुद्दाम सांगते.

मग माझे काम सुरू झाले. विश्वनाथरावांनी मला भरायचे, गाडीखाली पडलेल्या ग्रोव्हरसाहेबांच्या हातात द्यायचे, त्यांनी नळी त्या भोकात खुपसून दांडा हळूहळू दाबायचा. "धीरे, धीरे," ते मलाच म्हणत होते बहुतेक. एक, दोन, तीन. माझी चकती कुठेही अडली नाही, कुठे वळली नाही. दोन वर्षांपूर्वी विश्वनाथरावांनी तिला तेलाचा हात लावून गुंडाळून ठेवले होते, त्याचे फळ आज मिळत होते. माळ्यावरून तशीच उतरले असते, तर दुसऱ्यांदा भरतानाच माझी चकती फाटली असती. दहा, अकरा. सुनीतीने "बारा" म्हटले तेव्हा ऊन कलले होते आणि कॉलनीच्या मैदानात लोहडीची लाकडे रचणे चालू होते.

विश्वनाथरावांनी गाडी सुरू केली, फळ्यांवरून खाली घेतली आणि क्वार्टरांभोवती एक फेरी मारली. दुसरा गिअर अलगद पडला. संध्याकाळी ग्रोव्हरसाहेबांनी अण्णासाहेबांना हात धरून लोहडीच्या शेकोटीपाशी नेले, त्यांच्या ओंजळीत रेवडी आणि शेंगदाणे घातले. अण्णासाहेबांनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिल तो इसमें भी है जी," ग्रोव्हरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धुके जरा निवळल्यावर गाडी निघाली. अण्णासाहेब, विश्वनाथराव आणि सुनीती. कुमुदताई घरी राहिल्या, कारण दारात कुणीतरी असायला हवे, असे अण्णासाहेबांचे म्हणणे होते. निघताना त्यांनी दारात "येतो" म्हटले आणि क्षणभर तिथेच थांबले. मला आणि उरलेल्या तेलाच्या डब्याला डिकीत जागा मिळाली. त्यामुळे तिथले मी डोळ्यांनी पाहिले नाही. मला स्वच्छ करता करता सुनीतीने पुढे कितीतरी वेळा सांगितले, तेवढेच मला ठाऊक आहे. विटांचा एक खांब, भोवती लोखंडी कठडा आणि चहूकडे गव्हाची हिरवी शेते. दुसरे कुणीच नव्हते. अण्णासाहेबांनी गडूचे तोंड उघडून कठड्यापाशी पाणी सोडले, तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "बळवंतराव, चला आता घरी."

परत येताना मी डिकीतून फक्त गिअरपेटी ऐकत होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. कुठे करकर नाही. गाडी रामकृष्णपुरमला पोचली तेव्हा दिवे लागायचे होते. कुमुदताई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. वर गॅलरीत ग्रोव्हरसाहेब. अण्णासाहेब तीन पायऱ्या एकेक करून चढले, उंबऱ्यापाशी थांबले आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आलो."

कुमुदताईंनी तुकडा ओवाळून टाकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. अण्णासाहेबांच्या नाही. ते फार दिवसांनी पोटभर जेवलेल्या माणसासारखे दिसत होते.

त्यानंतर मला कधी उपेक्षा सोसावी लागली नाही. मेकॅनिकने ते हट्टी बूच छिन्नीने काढून नवे बसवले. अण्णासाहेब पुढे सहा वर्षे होते आणि गावात भेटेल त्याला ते बारा पिचकाऱ्यांची गोष्ट सांगत. ग्रोव्हरसाहेब बदली होईपर्यंत दर रंगपंचमीला तोच शर्ट घालून खाली येत आणि सुनीतीला म्हणत, "चल, दूसरी जेब भी कर दे." त्यासाठी प्लॅस्टिकची पिचकारी आणली होती. मला आता रंगाची नोकरी चालणार नव्हती.

आज मी दिल्लीला लागूनच असलेल्या इंदिरापुरमला सुनीतीच्या फ्लॅटमध्ये असते. माझ्यावर दोन पोचे आले आहेत, चकती तिसऱ्यांदा बदलली आहे. फियाट कधीच गेली. सुनीती आपल्या गाडीचे गिअर तेल सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलते. गार्ड येऊन विचारतो, "मॅडम, मेकॅनिक बुला दूँ?" ती नको म्हणते, आधी वरचे बूच उघडते, ते कुर्त्याच्या खिशात ठेवते आणि मगच खालच्याला पाना लावते. गेल्या तेरा जानेवारीला विश्वनाथराव तिथे खुर्ची टाकून उन्हात बसले होते. आता तेही अठ्ठ्याहत्तरचे झाले आहेत, आणि माकडटोपी बहुधा अण्णासाहेबांचीच होती. "वरचं आधी उघडलंस ना?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारले.

"हो बाबा, खिशात आहे," सुनीतीने खिसा वाजवून दाखवला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी कपाटाच्या तळाशी पडलेले असेल. काम झाल्यावर त्याला पुसून ठेवत जा. दोन थेंब तेल आणि एक जुने वर्तमानपत्र, एवढेच आम्हाला लागते. आणि कशाचेही बूच उघडून ते रिकामे करण्याआधी, पुन्हा भरायची वाट मोकळी आहे ना, एवढे पाहून घ्या. मग ती गाडी असो, नाहीतर शेजाऱ्याशी असलेले बोलणे.

सुनीतीची पुढची गाडी बिनगिअरची असेल, असे घरात बोलणे चालू आहे. मला त्याचे दुःख नाही. या संक्रांतीलाही तिने मला डिकीत घालून बाबांबरोबर काला अंबला नेले, खरे तर गरज काहीच नव्हती. आता तिथे बाग आहे आणि त्या दिवशी महाराष्ट्रातून बसगाड्या भरभरून माणसे येतात. संध्याकाळी परतलो, तर पंचाहत्तरीला टेकलेल्या कुमुदताई लिफ्टच्या दारापाशीच भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या. विश्वनाथराव "आलो" म्हणाले. सुनीती "आले" म्हणाली. मग तिने कापडात गुंडाळलेल्या मला खांद्यावरच्या झोळीतून बाहेर काढले, तेव्हा कुमुदताईंनी तोच तुकडा माझ्यावरूनही ओवाळला, आणि मीसुद्धा माझ्या पितळी मनात म्हटले, आले.